कडेचं काम

फोनवरचा मुलगा अनोळखी होता. नाव न सांगता त्यानं एकदम विचारलं, "काका, निम्मं रबर सोडवलंय, पण काच हलत नाही. आतून पाय लावून ढकलू का?"

मी तेव्हा मिरजेत एका बसच्या काचेपाशी उभा होतो. हात साबणाच्या पाण्यात, फोन खांद्यानं कानाशी दाबलेला. मी म्हटलं, "आहे तसं सोड. गाडीतून खाली उतर. काचेला बोटसुद्धा लावू नकोस. गाडी कोणती?"

"पद्मिनी. शहाऐंशीची. आजोबांची."

"काच कधी बदललीय?"

पलीकडे त्यानं कुणाला तरी विचारल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "आजी म्हणते, मूळचीच आहे."

हातातलं काम उरकून दीड तासात मी सांगलीत गावभागातल्या त्यांच्या घरी पोचलो. जुना वाडा, अर्धा पाडून बांधलेला. पुढं मोकळं अंगण आणि त्यात पत्र्याच्या छपराखाली फिकट निळी पद्मिनी. मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याची आजी पायरीवर बसली होती. पस्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या बाई. सगळा गावभाग त्यांना बाईच म्हणतो, मीही तेच म्हणू लागलो. त्या मला मिस्त्री म्हणायच्या.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा ही गाडी टपासकट बुडाली. घरची माणसं वरच्या मजल्यावर होती, तिथूनच त्यांनी ते बघितलं. पूर ओसरल्यावर गाडी धुतली, इंजिनातलं तेल काढलं, पण ती पुन्हा सुरू झाली नाही. पुढच्या वर्षी बाईंचे यजमान गेले. आता नातवानं मनावर घेतलं होतं की गाडी उभी करायची. त्यानं आधी खालचा पत्रा तपासला, मग पुढच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात रबराखालून लाल ओघळ दिसला म्हणून काच काढायला घेतली. त्याचं निदान बरोबर होतं आणि ते मी त्याला पहिल्यांदा सांगितलं. गाडी चालत नव्हती, टोचन लावून दुकानात न्यायची तर चाकं जाम. त्यामुळे काम घरीच करायचं हेही बरोबर होतं. हातात घेतलेलं हत्यार मात्र चुकलं होतं. आतल्या बाजूनं रबराच्या ओठाखाली त्यानं लांब डिसमिस घातला होता आणि तो तसाच तिथं अडकून राहिला होता, टोक काचेच्या कडेपासून दोन दोऱ्यांवर.

तो डिसमिस मी माझ्या हातानं, श्वास रोखून बाहेर काढला. मग पायरीवर बसून पाणी प्यायलो.

तो डिसमिस बघून मला काय आठवलं ते सांगितलं पाहिजे. १९९१ साली मी सतरा वर्षांचा असताना मुंबईला गेलो आणि कुर्ल्यात एका काचवाल्याकडे लागलो. पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियरचा कारखाना कुर्ल्यातच होता आणि रस्त्यावरच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणजे सगळ्या हीच गाडी. दिवसाला चार-पाच काचा निघायच्या आणि बसायच्या. आमचे उस्ताद काच काढताना बोलत नसत. कुणी बोललं तर हात थांबवत, बोलणं संपू देत, मग पुन्हा सुरू करत. पुढच्या पावसाळ्यात एकदा ते जेवायला गेले असताना एक टॅक्सीवाला घाई करत आला. धंद्याची वेळ होती. मी म्हटलं, काढतो. बाहेरून काच धरायला माझ्याहून दोन वर्षांनी लहान एक पोऱ्या होता. मी आतून रबराखाली डिसमिस घातला, थोडा फिरवला. जोर लावलाच नव्हता. टोक कडेला नुसतं टेकलं. फट् असा एकच आवाज झाला, अख्खी काच दुधासारखी पांढरी झाली आणि खडीसाखर सांडावी तशी त्या पोराच्या अंगावर, तोंडावर ओतली गेली.

त्या काचेचे तुकडे बोथट असतात, म्हणून ती सुरक्षित, असं सांगतात. हाताला बोथट असतील, पण डोळ्याला बोथट काही नसतं. त्याचा उजवा डोळा राहिला, पण त्यातून आता उजेड तेवढा कळतो. तो गावी परत गेला. मी दर दिवाळीला त्याला फोन करतो. तो विषय तो काढत नाही आणि माझीही हिंमत होत नाही.

म्हणून माझ्या पिशवीत पहिली वस्तू चष्मा असते, बाजूनं बंद असलेला. मी एक घातला, एक नातवाला दिला. बाई म्हणाल्या, "मी लांबच बसते." मी म्हटलं, "लांब बसा, तरी हा घाला." तिसराही होता. मग पूर्ण बाह्यांचे शर्ट, जाड हातमोजे, पायात बूट. नातू चपलेवर होता, त्याला बूट घालायला परत आत पाठवलं.

काचेच्या कामात पहिली गोष्ट म्हणजे काचेची जात ओळखणं. गाडीच्या काचा दोन जातींच्या. एक टफन. ती भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि मग दोन्ही अंगांनी गार वाऱ्याचा झोत मारतात. बाहेरचा थर आधी थिजतो, आतला मागाहून आकसतो आणि आकसताना बाहेरच्या थराला कायमचा आवळून धरतो. त्यामुळे तोंडावर बुक्की मारली तरी ती सोसते. पण कडेला खोल ओरखडा गेला, आतल्या ताणाला वाट मिळाली, की सगळी काच एका क्षणात सुटते. दुसरी जात लॅमिनेटेड. दोन काचांच्या मध्ये पातळ पारदर्शक थर. ती तडकते, पण जागेवर धरून राहते. आपल्याकडे १९९६ नंतर बनलेल्या चारचाकींना पुढची काच लॅमिनेटेड असणं सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाडीत काय असेल ते हातानं आणि डोळ्यानंच ठरवावं लागतं. कोपऱ्यात छाप असतो, पण या काचेवरचा छाप वाळूनं आणि वायपरनं पार पुसला गेला होता.

नातवाच्या टी-शर्टला काळा गॉगल अडकवलेला होता. मी विचारलं, "पोलराइज्ड आहे का?" तो म्हणाला, "हो." मी त्याला छपराच्या कडेशी उभं केलं. वर निळं आकाश, सकाळचं ऊन. "हा घाल आणि काचेकडे तिरकं बघ. डोकं हळूच एका खांद्याकडे झुकव."

त्यानं बघितलं आणि एकदम म्हणाला, "ठिपके दिसतायत काका! बिबट्यासारखे!"

वाऱ्याच्या झोतानं जिथं काच आधी थिजली तिथल्या त्या खुणा. साध्या डोळ्याला त्या सहसा दिसत नाहीत. म्हणजे काच टफन होती, मूळची. पायानं ढकलायची ती भाषा तिथंच संपली. खरं तर लॅमिनेटेड काचही पायानं ढकलू नये. कित्येक जण ढकलतात आणि दहातल्या काही निघतातही, पण एका टाचेवर सगळा जोर आला की काच वाकते आणि कोपऱ्यापासून तडा जातो.

बाईंनी विचारलं, "मग निघेल ना ही? अखंड?"

मी म्हटलं, "निघेल. पण एक किंमत द्यावी लागेल. रबर जाईल."

घरी हे काम करणाऱ्यांना मला काही एक सांगायचं असेल तर ते एवढंच. बहुतेक काचा फुटतात त्या रबर वाचवण्याच्या नादात. रबर तीस वर्षं उन्हात भाजलेलं असतं, दगड झालेलं असतं, त्याचा ओठ उलटवायचा म्हणजे कुठंतरी पोलादाचं टोक आत घालावंच लागतं, आणि तेच टोक कडेला लागतं. पद्मिनीचं नवं रबर आजही मिळतं. ज्या काचेसाठी सगळा खटाटोप, तिच्यापुढं रबराची किंमत ती काय? रबर कापायचं. बाहेरचा ओठ पूर्ण गोल कापून काढला की काचेला अडवणारं काही उरत नाही, ती नुसती उचलायची राहते.

तयारीत तासभर गेला. वायपरचे दांडे काढले. बॉनेटवर बाईंनी दिलेली जाड गोधडी पसरली, डॅशबोर्डवर दुसरी. डॅशबोर्डच्या पुढं काचेवर वारा येण्याच्या ज्या फटी असतात त्यांत कापडाचे बोळे कोंबले. काच फुटलीच तर तिचे दाणे त्या फटींतून आत जातात आणि पुढं कायम खुळखुळत राहतात. भिंतीशी दोन लाकडी फळ्या मांडल्या, त्यांवर पोतं. काच निघाल्यावर ठेवायची कुठं हे ती हातात येण्याआधी ठरलेलं असावं लागतं, कारण हातात आल्यावर विचार करायला फुरसत नसते. आणि ती आडवी ठेवायची नाही. लांब कडेवर, जरा तिरकी, उभी.

ऊन अंगणात उतरेपर्यंत मुद्दाम थांबलो. फेब्रुवारी होता, सकाळी रबर कडक होतं. कोवळ्या उन्हात ते थोडं ऐकतं. दुपारच्या तापलेल्या काचेवर मात्र कधी पाणी ओतू नये, विशेषतः जिला आधीच चीर असेल तिच्यावर.

रबराच्या खाचेत एक चकचकीत पट्टी असते. ती आधी सोडवली, लाकडाच्या पाचरीनं. माझ्याकडे सागाच्या दोन पाचरी आहेत, उस्तादांनी दिलेल्या, हाताळून गुळगुळीत झालेल्या. मग कटरचं पातं साबणाच्या पाण्यात बुडवून काचेच्या तोंडावर आडवं टेकवलं आणि रबराचा ओठ काचेला समांतर कापत निघालो. पातं तिरकं झालं की ते कडेकडे जातं, म्हणून मनगट हलवायचं नाही, पूर्ण हात सरकवायचा. वीतभर कापलं की थांबायचं, पातं पुसायचं, पुन्हा बुडवायचं. नातवाला दोन वीत कापू दिलं. त्याचा हात थरथरत होता, पण तो थांबत होता, आणि या कामात मला थांबणारा हात आवडतो. रॉकेल किंवा ग्रीस लावून रबर ढिलं करायची कित्येकांना सवय असते. रबर टाकायचंच असेल तर चाललं म्हणा, पण तेच हात नव्या रबराला लागतात, आणि तेलानं रबर फुगतं, मऊ पडतं, खराब होतं. साबणाचं पाणी पुरतं. वाळलं की मागं काही ठेवत नाही.

ओठ पूर्ण निघाला. नातू बाहेर उभा, दोन्ही हात पसरून काचेच्या वरच्या अर्ध्यावर टेकवलेले. मी आत, पुढच्या बाकावर गुडघे टेकून. दोन्ही तळवे वरच्या कडेपासून चार बोटं खाली, कोपरा सोडून. कोपऱ्यावर कधीच नाही. मग तळव्यांनी नुसतं सांगितल्यासारखं दाबायचं. सोडायचं. पुन्हा दाबायचं. चौथ्या-पाचव्या वेळी रबर कुठंतरी सुटल्याचा चिकट आवाज आला, वरची कड दोरीभर पुढं गेली. मी म्हटलं, "धर. ओढू नकोस, नुसतं धर." मी बाहेर आलो, माझी बाजू घेतली, दोघांनी काच वरून झुकवत खालच्या खाचेतून उचलली. सहा पावलं चालून पोत्यावर टेकवली.

कुणी काही बोललं नाही. बाई उठून काचेपाशी आल्या. आता तिच्यामागं भिंतीचा पांढरा चुना होता आणि ऊन तिरकं पडलं होतं, त्यामुळे वायपरनं काढलेली दोन अर्धवर्तुळं स्पष्ट दिसत होती, बारीक ओरखड्यांची. ड्रायव्हरच्या बाजूचं जास्त खोल. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं. "पावसाची वाट न बघता वायपर लावायचे," त्या म्हणाल्या. "धूळ दिसली की लावायचे. मी कितीदा सांगितलं, आधी पाणी मारा."

मी गाडीकडे वळलो, कारण खरं काम अजून बघायचंच होतं. चौकटीत उरलेलं रबर ओढून काढलं. डाव्या खालच्या कोपऱ्यात त्याच्याखाली बोटभर गाळ होता. वाळलेला, पिठासारखा बारीक, काळपट तपकिरी. पुराचा. इतकी वर्षं ते रबर बाहेरून धड दिसत होतं, गाडी धुतली, पुसली, आणि ही माती आत बसून राहिली होती. ती पाणी धरून ठेवते. दर पावसाळ्यात ओली, दर उन्हाळ्यात कोरडी, आणि पत्रा हळूहळू खाल्ला जातो. मी पाचर टेकवली तर ती पत्र्यातून आरपार गेली. हाताच्या पंजाएवढी जागा गेली होती. पुरानंतर सांगली-कोल्हापुरातल्या शेकडो गाड्या धुऊन पुसून विकल्या गेल्या. त्या घेणाऱ्यांनी कधीतरी काचेच्या खालच्या कोपऱ्यांत बोट घालून बघावं असं मला वाटत राहतं.

बाईंनी थोडा गाळ कागदावर घेतला आणि पुडी बांधली. का ते मी विचारलं नाही.

त्या दुपारी जेवायला त्यांनी बसवूनच घेतलं. भाकरी, वांग्याची भाजी, दही. जेवताना मी जे बोलायचं टाळत होतो ते बोललो. "बाई, काच अखंड निघाली. पण माझं ऐकाल तर ती परत बसवू नका. नवी लॅमिनेटेड मागवू." नातू चमकला. एवढा जीव मुठीत धरून काढलेली काच! मी सांगितलं, ही उभ्या गाडीत शोभेल, पण तू ही गाडी रस्त्यावर आणणार आहेस. समोरून खडा उडाला आणि ही सुटली, तर चालत्या गाडीत समोरचं दिसणं एका क्षणात बंद होतं आणि पुढच्या क्षणी सगळी मांडीवर.

मला वाटलं होतं बाई नाही म्हणतील. त्यांनी ताटातली भाकरी मोडली आणि नातवाला विचारलं, "तुला बेनेदिक्तुस माहीत आहे?"

त्याला नव्हता. मलाही नव्हता.

"एदुआर बेनेदिक्तुस. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ. १९०३ च्या सुमाराची गोष्ट. त्याच्या प्रयोगशाळेत एक चंबू खाली पडला. तडकला, पण तुकडे विखुरले नाहीत. चंबूत कधीकाळी सेल्युलोज नायट्रेटचं द्रावण होतं, ते सुकून त्याचा पातळ पापुद्रा आतून काचेला चिकटला होता. तेवढ्यावरून त्यानं दोन काचांमध्ये थर घालायची कल्पना काढली आणि १९०९ साली पेटंट घेतलं. मी दर वर्षी नववीच्या वर्गात हे सांगायचे. आता त्यात पॉलिव्हिनिल ब्युटिरल असतं. जाडी किती हो मिस्त्री?"

"मिलिमीटरचा पाऊण भाग," मी म्हटलं. "आम्ही फिल्म म्हणतो."

"पस्तीस वर्षं वर्गात सांगितलं आणि घरच्या गाडीला ती आहे का, कधी विचारलं नाही." थोडा वेळ त्या गप्प बसल्या. "नवी मागवा. ही माझ्याकडे राहील."

मधल्या तीन आठवड्यांचं फार सांगण्यासारखं नाही. माझ्या ओळखीचा डेंटर येऊन सडका पत्रा कापून नवा तुकडा लावून गेला. वेल्डिंगची ठिणगी काचेवर पडली की तिचा काळा डाग कायमचा रुततो, म्हणून पत्र्याचं काम काच बाहेर असतानाच करायचं. लांबी शक्यतो नको, हे मी डेंटरला तीनदा बजावलं. काचेच्या चौकटीत लांबी भरली की ती हादऱ्यानं सुटते आणि पाणी पुन्हा तिथंच शिरतं. पत्र्याचा सांधा पत्र्यानंच भरायचा. मग रेड ऑक्साइड, रंग, आणि पूर्ण वाळू द्यायचं.

याच दिवसांत नातवानं विचारलं, "काका, पुण्यात बाबांच्या गाडीच्या काचेला तडा गेलाय. आता मला जमतंय. ती आपण इथंच काढू?"

मी नाही म्हटलं, आणि ते नाही का, हे त्याला नीट समजावून सांगायला हवं होतं. त्याच्या बाबांची गाडी आठ-दहा वर्षांची. तिची काच रबरात नसते, पेस्टिंगची असते. म्हणजे पीयूनं, पॉलियुरेथेनच्या गोंदानं, गाडीच्या चौकटीला चिकटवलेली. काढायची तर पियानोची तार पीयूतून आत घालून दोघांनी दोन बाजूंनी करवतीसारखी ओढायची, नाहीतर खास सुरीनं कापत जायचं. तार डॅशबोर्ड कापते, छताचं कापड कापते, बोटंही कापते. ते शिकता येईल. पण अशा गाडीत काच ही नुसती वारा अडवायला नसते. ती गाडीच्या सांगाड्याचा भाग असते. गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून ती धरून राहते. बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटसमोरची एअरबॅग फुगताना आधी काचेवर आपटते आणि तिच्या आधारानं माणसाकडे वळते. काच सुटली तर एअरबॅगही सुटली. शिवाय नव्या गाड्यांत काचेच्या आतून रस्ता बघणारा कॅमेरा असतो. काच बदलली की त्याची नजर पुन्हा जुळवून घ्यावी लागते, तीही त्याच्या यंत्रानं.

हे मला आज कळतं. २००१ साली मी सांगलीत दुकान टाकलं तेव्हा पेस्टिंगच्या गाड्या हळूहळू यायला लागल्या होत्या. एकदा एका माणसाला रात्रीच जायचं होतं, पीयूची नळी संपली होती, मी हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन लावून दिलं. बाथरूमच्या फटींना भरतात ते. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, कोल्हापूर रस्त्यावर काचेच्या वरच्या कडेनं शिटीसारखा आवाज येतोय. मी जाऊन बघितलं तर एक कोपरा सुटला होता. गाडीत त्याची दोन लहान मुलं होती. त्या दिवशी काच रस्त्याकडेला काढून ठेवली, त्याच्या घरच्यांना माझ्या खर्चानं गाडी करून दिली आणि काम पुन्हा केलं. त्यानंतर मी पेस्टिंगचं रीतसर शिकलो. जुना पीयू पत्र्यापर्यंत खरवडायचा नाही, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा थर ठेवायचा, कारण नवा पीयू त्या ताज्या कापलेल्या थरालाच सगळ्यात घट्ट धरतो. पत्रा कुठं उघडा पडला तर प्रायमर, नाहीतर काचेआड गंज. पीयू हवेतल्या दमटपणानं पिकतो, म्हणून सांगलीच्या कोरड्या एप्रिलमध्ये त्याला जास्त वेळ लागतो. किती वेळ गाडी हलवायची नाही ते नळीवर छापलेलं असतं, आणि ते गिऱ्हाइकाच्या घाईनं बदलत नाही. पहिला दिवसभर खिडकी बोटभर उघडी ठेवायची. सगळं बंद करून दार आपटलं की आतली हवा ओल्या काचेला बाहेर ढकलते.

नातू म्हणाला, "म्हणजे रबराची घरी, पेस्टिंगची नाही."

"रबराचीही, माहीतगार माणूस शेजारी असेल तर," मी म्हटलं.

नवी काच मुंबईहून ट्रान्सपोर्टनं लाकडी चौकटीत आली. कड बघितली तर मधोमध फिल्मची बारीक रेघ. बसवताना नवं रबर आधी काचेभोवती चढवलं. मग रबराच्या बाहेरच्या खाचेत नाडी ओवावी तशी नायलॉनची दोरी सगळीकडून बसवली, दोन्ही टोकं खालच्या मध्यावर एकमेकांवरून नेऊन आत सोडली. चौकटीला साबणाचं पाणी. काच बाहेरून लावली, नातू तळव्यांनी दाबत राहिला आणि मी आतून दोरीचं एक टोक ओढत गेलो. दोरी खाचेतून निघताना रबराचा ओठ पत्र्यावरून आत उलटवत जाते, इंच इंच. जिथं मी ओढतो, बरोबर तिथंच बाहेरून थोपटायचं. कोपऱ्यात दोरी अडली तर जोर नाही, दोन बोटं मागं येऊन पुन्हा. वरचा उजवा कोपरा चार वेळा करावा लागला. शेवटी दोरी हातात आली तेव्हा नातवाचे तळवे पाण्यानं पांढरे, सुरकुतलेले झाले होते.

पाण्याची परीक्षा खालून वर करायची असते. आधी खालच्या कडेला पाणी सोडायचं, थांबायचं, मग बाजू, मग वर. वरून एकदम ओतलं तर पाणी आत आलं तरी कुठून आलं ते कळत नाही. नातू आत बॅटरी घेऊन बसला, डॅशबोर्डच्या कडेनं वर्तमानपत्राच्या पट्ट्या ठेवल्या. पाइप बाईंनी स्वतः धरला. पट्ट्या कोरड्या राहिल्या. तरी मी सांगितलं, पाइपचं पाणी वेगळं आणि पाऊस वेगळा. पहिला मोठा पाऊस आला की डाव्या कोपऱ्यात पेपर ठेवा आणि अर्ध्या तासानं बघा.

जुन्या काचेच्या चारी कडांना मी रबराची पन्हळ लावून दिली, म्हणजे चुकून धक्का लागला तरी कड झाकलेली. ती त्यांनी माजघरात खिडकीखाली उभी केली, जिथं सकाळचं ऊन येतं.

जूनमध्ये एका संध्याकाळी वळीव कोसळला. दुकानाच्या पत्र्यावर एवढा आवाज होता की फोन वाजलेला उशिरा कळला. बाई होत्या.

"मिस्त्री, मी गाडीत बसलेय."

मी विचारलं, "कोपरा बघितलात का?"

"अर्धा तास झाला बघतेय," त्या म्हणाल्या. "पेपर कोरडा आहे. आता हिचे वायपर लावून बघू?"

मी म्हटलं, "लावा. काच ओली आहे."